द्राटत्सीअर ऊर्फ दातार

आडनावाचं भाषांतर करायचं नसतं. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम, आणि त्यावरून मी लोकांशी जितकी भांडले तितकी संसारातही भांडले नाही.

मी जर्मन कागदपत्रांची अनुवादक. सुरुवातीची काही वर्षं कारखान्यांमधून दुभाषी म्हणून हिंडले, मग अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत टेबल मिळालं, आणि शेवटी मुलुंडला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची पाटी लावली. ती पाटी आता काढली आहे. तरी लोक येतात, कारण पाटीच्या जागी राहिलेला पांढरा चौकोन अजून दिसतो.

काम बाहेरून वाटतं तितकं विद्वत्तेचं नाही. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले, गुणपत्रिका, कोर्टाचे हुकूम. मूळ कागदात आहे तेवढंच दुसऱ्या भाषेत उतरवायचं आणि खाली सही-शिक्का करायचा. मूळ कागदातली चूक डोळ्यांना कितीही टोचली तरी ती दुरुस्त करायची नाही. फार तर तळाशी टीप द्यायची. तळटीप ही एकच जागा, जिथे अनुवादकाने स्वतःच्या आवाजात बोललेलं चालतं. एरवी आम्ही खोलीत नसतोच, असं धरून जग चालतं.

हल्ली यंत्र भाषांतर करतं, त्यामुळे आम्ही खरोखरच खोलीत नसतो. घाटकोपरचे एक व्यापारी जर्मन मशीनचं माहितीपत्रक फुकटात मराठीत करून घेऊन माझ्याकडे 'जरा नजर टाका' म्हणून आले होते. जर्मनमध्ये मुटर म्हणजे आई आणि मुटर म्हणजे नटसुद्धा. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, 'प्रथम आईला घट्ट पिळावे.' मी हसले, तेही हसले. मग बोरिवलीची एक नर्स आली. जर्मनीत नोकरी ठरलेली, आडनाव सुतार. एजंटाच्या यंत्राने तिचं त्सिमरमान केलं होतं, म्हणजे तिकडचा सुतार. भाषांतर म्हणून ते शंभर टक्के बरोबर होतं. पण पासपोर्टवर सुतार आणि दाखल्यावर त्सिमरमान, त्यामुळे ती बिचारी कित्येक महिने कुठलीच राहिली नाही. तेव्हा मात्र मी हसले नाही.

आडनावांवर माझा एवढा जीव का, हेही सांगते. सासरचं आडनाव पारसनीस. पूर्वीच्या दरबारात फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. म्हणजे धंदा माझा आणि आडनाव नवऱ्याचं. त्यांना ना फारसी येत होतं, ना जर्मन. पण यामुळे दुसऱ्याचं आडनाव ऐकलं की त्यात कुठला धंदा लपलाय हे शोधायची खोड मला लागली. जर्मन भाषा त्या बाबतीत आपल्यासारखीच. आपल्याकडे सुतार, लोहार, सोनार, तसे तिकडे म्युलर म्हणजे पीठगिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी. गावोगाव गिरणी होती, गावोगाव लोहार होता, म्हणून ही आडनावं आज पायलीची पन्नास मिळतात. जो धंदा मोजक्याच ठिकाणी चालायचा, त्याचं आडनावही मोजक्याच घरांत राहिलं.

असं एक आडनाव मला उभ्या आयुष्यात एकाच माणसाचं भेटलं. द्राटत्सीअर. द्राट म्हणजे तार, त्सीअर म्हणजे ओढणारा.

योआखिम द्राटत्सीअर मुलुंडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आला होता. कारखाना कसला, तर तारा ओढायचा. मी तेव्हा नुकतीच दुभाषी झाले होते आणि हा योगायोग सगळ्यांना सांगत सुटले होते. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो उंच, वाकून चालणारा, हळू बोलणारा माणूस होता. एकदा मशीन बंद पडलेलं असताना त्याने मला आपल्या आडनावाची गोष्ट सांगितली. सोनाराकडे असते तशी भोकांची पोलादी पट्टी घ्यायची. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा बारीक. लोखंडाची कांब एका भोकातून ओढायची, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. हाताच्या जोराने ते होत नसे, म्हणून त्याचे पूर्वज झोपाळ्यावर बसत. कमरेच्या पट्ट्याला सांडशी बांधलेली. पायांनी रेटा देऊन झोपाळा मागे न्यायचा की सगळ्या अंगाच्या वजनाने तार वीतभर पुढे यायची. पुन्हा सांडशी पकडायची, पुन्हा मागे. पुढे नदीच्या पाण्यावर चाकं फिरायला लागली आणि झोपाळे गेले. हा धंदा पाणी आणि लोखंड दोन्ही असलेल्या थोड्याच खोऱ्यांत टिकला.

"पण आडनाव कमी व्हायचं कारण वेगळं असावं," तो म्हणाला होता. "लोकांना त्याची लाज वाटायला लागली."

कारण शब्द फिरला. कळसूत्री बाहुल्यांची तार पडद्यामागून ओढणारा तोही द्राटत्सीअर, आणि तिथून मग पडद्यामागून कारस्थान करणारा तो द्राटत्सीअर. आज जर्मन वर्तमानपत्रात हा शब्द दिसला तर तो कुठल्यातरी कटाच्या बातमीतच दिसतो. आपल्या सूत्रधाराचंही हेच झालं. नाटकातला भला माणूस, पण बातमीत आला की खुनाच्या कटाचाच. अनेक घरांनी आडनाव बदललं असेल, असा योआखिमचा अंदाज होता. त्याच्या वडिलांनी बदललं नाही. ते हट्टी होते, एवढंच कारण त्याने दिलं.

कारखान्यातल्या कामगारांना असला काही इतिहास माहीत नव्हता. त्यांनी आठवडाभरात त्याचा दातारसाहेब करून टाकला. त्याला ते फार आवडलं. पॅकिंगला सुनंदा परब नावाची मालवणकडची मुलगी होती. साहेब मशीन बसवून झाल्यावरही मुलुंडला का थांबले आहेत, हे तिच्याकडे पाहून सगळ्यांना कळलं. रजिस्टर पद्धतीने लग्न झालं. नंतर कांदिवलीला बिऱ्हाड झालं, मुलगी झाली, मी बारशाला गेले होते. मुलीचं नाव मीना. ती चार वर्षांची असताना योआखिमची आई आजारी पडली म्हणून तो तिकडे गेला. सुनंदा इथेच राहिली. पुढचं मला ठाऊक नव्हतं. मी अंधेरीला नोकरीला लागले आणि ओळख तुटली ती तुटलीच.

त्यानंतर एकदम परवाच्या वर्षी दारात एक बाई उभी. बापाची उंची, आईचा वर्ण, आणि बोलणं अस्सल कांदिवलीचं.

"मॅडम, मी मीना दातार. तुम्ही म्हणे माझ्या बारशाला होता. आता एवढं काम करून द्या."

चारकोपला तिचं शिवणाचं दुकान. आई जाऊन काही वर्षं झाली होती. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमातून, योआखिमची कायदेशीर देखभाल पाहणाऱ्या बाईंचा ईमेल मुलुंडच्या कारखान्याच्या मालकांकडे आला होता, कारण त्याच्या कागदांत भारतातला तेवढाच पत्ता होता. कारखान्याच्या जागी आता टॉवर आहे, पण मालकांच्या मुलाला सुनंदा आठवत होती. त्याने तो ईमेल मीनाला पाठवला. मीनाने एका एजंटाकडून त्याचं मराठी करून घेतलं होतं. ते तिने माझ्यासमोर ठेवलं.

'सूत्रधार महोदय आता अन्न घेत नाहीत. सूत्रधारांना भारतात मुलगी असल्याचे ते पूर्वी सांगत असत. भेटण्याची इच्छा असल्यास विलंब करू नये.'

"हे सूत्रधार म्हणजे माझे बाबा, एवढं मला कळलं," मीना म्हणाली. "पण वकिलातीने कागद परत केले. म्हणतात, नातं सिद्ध करा."

मी परत आलेली फाइल उघडली. एकाच माणसाची तिथे तीन माणसं झाली होती. लग्नाच्या दाखल्यावर इंग्रजीत 'द्रात्झिअर', अक्षरं खाल्लेलं. मीनाच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर दातार. कसं, तेही तिनेच सांगितलं. प्रसूतिगृहात बापाचं नाव विचारलं, योआखिम कामावर होता, आणि सुनंदा नवऱ्याचं नाव घेईना. रीतही होती आणि जीभही वळत नव्हती. शेवटी सुनंदाच्या आईने ठणकावून सांगितलं, दातार. लिहिणाऱ्यालाही बरं वाटलं असेल, कारण ते त्याला लिहिता येत होतं.

इथवर ठीक होतं. पण एजंटाने दाखलेही यंत्रात घातले होते. दातार म्हणजे देणारा, दाता. यंत्राने वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं, श्पेंडर. आता जर्मन सरकारी कागदावर, मुलीच्या दाखल्यात, वडिलांच्या रकान्यात 'दाता' असं आलं तर तिथला अधिकारी त्यातून रक्तदाता नक्कीच समजणार नाही; काय समजेल, हे दिवाळी अंकात सविस्तर लिहिणं मला जड जातं. मीनाला मात्र सांगावंच लागलं.

ती म्हणाली, "तिकडून सूत्रधार आणि इकडून दाता. आई असती ना, म्हणाली असती, दोन्ही खोटं. मेल्याक साधा कागद टाकूक जमला नाय."

"मग कशाला जातेस?" मी विचारलं. मला असं तोंडावर विचारायची सवय आहे.

"भांडायला," ती म्हणाली. "आईने कधी विचारलं नाही, मला पण विचारू दिलं नाही. का आले नाहीत, एवढंच मला त्यांच्या तोंडावर विचारायचंय. ते असेच निघून गेले तर मी कोणाशी भांडू, सांगा ना."

मी तिचे सगळे दाखले नव्याने केले. जिथे दातार होतं तिथे दातारच ठेवलं. आणि तळाशी टीप लिहिली, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. द्राटत्सीअर हे इथे विशेषनाम आहे, त्याचा चालू अर्थ घेऊ नये. मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी या नावाचं दातार झालं. सदर अनुवादक त्या कारखान्यात दुभाषी होती आणि तिने हे स्वतः ऐकलं आहे. नियमात बसतं की नाही याचा विचार मी केला नाही.

वकिलातीतून एका जर्मन बाईंचा फोन आला. त्यांना पहिली शंका वेगळीच होती. हे आडनाव असतं तरी का? त्या स्वतः जर्मन, पण आडनाव म्हणून त्यांनी हे कधीच ऐकलं नव्हतं. मी त्यांना झोपाळ्याची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "बाई, हा माणूस म्युलर असता तर मी गप्प बसले असते. योआखिम म्युलर नावाची हवी तेवढी माणसं निघाली असती, आणि कोणीही त्यांच्यावर हक्क सांगितला असता. पण मुलुंडला तारेच्या कारखान्यात कामाला आलेला, योआखिम द्रात्झिअर नावाने लग्न केलेला माणूस आणि तुमच्या वृद्धाश्रमातला योआखिम द्राटत्सीअर, हे दोन असूच शकत नाहीत. एवढी माणसंच नाहीत त्या नावाची." त्यांनी मला ते नाव मुलुंडच्या लोकांसारखं म्हणून दाखवायला सांगितलं. मी भरभर म्हटलं. द्राटत्सीअर, द्रात्सीर, दातार. फोनवर त्या बाई हळूच हसल्याचं ऐकू आलं.

व्हिसा मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी मीना पुन्हा आली. तिला एकच वाक्य जर्मनमध्ये हवं होतं. तुम्ही का आला नाहीत?

इथे माझी पंचाईत झाली. जर्मनमध्येही तू आणि तुम्ही आहे. डू आणि झी. पण तिथे मुलं बापाला डू म्हणतात. झी म्हणतात ते परक्याला, बँकेतल्या साहेबाला. मीनाचं 'तुम्ही' मी तसंच उतरवलं असतं, तर तिने बापाला पहिल्याच वाक्यात परकं केलं असतं.

"डू म्हण," मी सांगितलं. "म्हणजे तू."

"बाबांना अरे-तुरे करू? भांडायचंय, पण एवढं नाही."

"तिकडे बापाला तूच म्हणतात गं. त्यात अपमान नाही. तूच म्हटलंस तर त्यांना कळेल की मुलगी आलीय."

आम्ही ते वाक्य घोकलं. वारूम बिस्ट डू निश्ट गेकॉमन. 'डू'पाशी ती दर वेळी अडखळायची. बापाला तू म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. शेवटी तिने ते एका कागदाच्या चिटोऱ्यावर देवनागरीत उतरवून घेतलं आणि ब्लाउजच्या मापांच्या टेपबरोबर पर्समध्ये टाकलं.

ती गेली, आणि योआखिम तेव्हा जिवंत होता. एवढं मला तिच्या मेसेजवरून कळलं. पुढच्या मेसेजमध्ये तो गेल्याचं होतं. त्यानंतर काहीच नाही. मीही विचारलं नाही. आपण कागदांपुरते, असं मी स्वतःला बजावत राहिले, पण दिवसभर मोबाइल उलटा-सुलटा करत होते, हे खरं.

परत आल्यावर ती आपण होऊन आली. चहा घेतला, बिस्किटं घेतली. तिथे सगळे चांगले वागले म्हणाली. दारावर पाटी होती, त्यावर ते लांबलचक नाव. देखभाल करणाऱ्या बाई म्हणाल्या, या नावाचं यांचं दुसरं कोणीच आम्हाला सापडलं नाही. पुरताना तीच एकटी नातेवाईक होती.

"विचारलंस का?" मी म्हटलं.

"विचारलं."

"मग?"

"डोळे मिटलेले होते. मी हात धरला आणि म्हटलं, तुम्ही शिकवलं तसं. 'डू' पण म्हटलं. त्यांनी डोळे उघडले मॅडम. माझ्याकडे बघितलं." तिने कप खाली ठेवला. "आणि म्हणाले, नको मला."

मी बिस्किटांची बशी बाजूला सारली.

"मराठीत म्हणाले ना," ती पुढे म्हणाली. "एवढ्या वर्षांनी मराठीत. त्यांना मी कळले, म्हणूनच मराठीत बोलले असणार. आणि काय बोलले, तर नको मला. मग मी नाही परत विचारलं. गप्प बसून राहिले हात धरून. दुसऱ्या दिवशी पण बसले. काही बोलले नाही. नको म्हणतात, तर कशाला त्रास द्यायचा मरणाऱ्या माणसाला? तिसऱ्या दिवशी गेले."

आयुष्यभर मी लोकांचे शब्द कान देऊन ऐकले आहेत. कामच ते. त्यामुळे तिचं सगळं बोलणं झाल्यावरही माझ्या कानात ते दोनच शब्द राहिले.

"मीना, ते जसे म्हणाले तसेच म्हणून दाखव. अगदी तसेच. ऐकलेस तसे."

तिने डोळे मिटले, आठवलं, आणि घसा खरवडत म्हणाली, "नॉख्... माल."

"क होता की ख?"

"घशातून आलं होतं. खरखरीत. म्हटलं, घसा सुकलाय म्हणून."

योआखिमला मराठी येत होतं, पण किती, ते मला पक्कं ठाऊक होतं. बस, चहा, उद्या, नको. 'नको' त्याला नीट म्हणता यायचं. त्यात क असायचा, खणखणीत.

सांगावं की न सांगावं, याचा मी फार वेळ विचार केला असं म्हणणार नाही. पण त्या तेवढ्या वेळात जितकी घाबरले, तितकी कुठल्याही कागदावर सही करताना घाबरले नव्हते. न सांगितलं असतं, तर बापाने झिडकारलं, हे दुःख घेऊन ती जगली असती. सांगितलं, तर त्याहून निराळं दुःख होतं, आणि ते मी देणार होते. पण तिने मला जे ऐकवलं होतं ते जर्मन होतं. ते तिच्या भाषेत सांगणं माझ्याकडे आलं होतं.

"मीना, ते 'नको मला' नव्हतं," मी म्हटलं. "नॉख माल. जर्मन आहे ते. त्याचा अर्थ, पुन्हा म्हण."

तिने ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले.

"म्हणजे... ऐकू आलं नव्हतं त्यांना?"

"ऐकू आलं नाही म्हणूनही माणूस असं म्हणतो. आणि पुन्हा ऐकावंसं वाटतं म्हणूनही म्हणतो. दोन्हीला शब्द हेच. त्यातलं काय होतं, ते मी तिथे नव्हते, मला सांगता येणार नाही."

"मी गप्प बसले," ती म्हणाली. "मॅडम, ते पुन्हा म्हण म्हणाले आणि मी दोन दिवस गप्प बसले."

मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला रडू आलं आणि मलाही आलं. समजूत घालायला माझ्याकडे कुठल्याच भाषेत काही नव्हतं. खाली गेटवर वॉचमन कोणाशी तरी पार्किंगवरून वाद घालत होता.

मग मीनाने पदराने तोंड पुसलं, ताठ बसली, आणि समोरच्या मोकळ्या खुर्चीकडे बघत, कुठेही न अडखळता, म्हणाली,

"वारूम बिस्ट डू निश्ट गेकॉमन?"

उच्चार अगदी बरोबर होता.